चुलतभावाचं कपाट

काकांना चुलतभाऊ नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे पुढे खुद्द काकांनाही त्याचा विसर पडायला लागला होता.

झालं असं, की एका रात्री काकांना झोप येईना. पलंगावर वाचत पडावं तर दिवा काकूंच्या डोळ्यांवर येतो. म्हणून ते बाहेरच्या खोलीत आले आणि टीव्ही लावून बसले. आवाज इतका बारीक ठेवला, की तो येतोय ही काकांची नुसती श्रद्धा होती. एका ठिकाणी पाच-सहा माणसं एकदम बोलत होती. दुसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ बुटापासून टोमॅटोपर्यंत सगळं कापणारा चाकू विकत होता. काका पुढे पुढे जात राहिले आणि कुठल्याशा कोपऱ्यातल्या चॅनलवर थबकले.

तिथे एक जुना ब्रिटिश सिनेमा चालला होता. काळापांढरा म्हणायचा तो सवयीने. पांढरं त्यात काही नव्हतंच. काळं होतं आणि करडं होतं. एकाला एक चिकटलेली, एकाच साच्यातली घरं, मागे धुराडं आणि वरून सतत पाऊस. त्या सिनेमात कोणी हसत नव्हतं. कोणी गात नव्हतं. कोणी देखणंही नव्हतं, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटतही नव्हतं. काका जन्मभर एका कॉलेजात ग्रंथपाल होते, इंग्रजी त्यांनी ढिगाने वाचलं होतं. पण हे लोक जे इंग्रजी बोलत होते ते पुस्तकांपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. तीन वाक्यांतलं एक कळायचं, आणि ते बहुतेक 'चहा ठेव' असं असायचं.

तरी गोष्ट कळत होती. घरातल्या कर्त्या माणसाचा कारखाना बंद पडलेला. बायको लोकांचे कपडे धुवायच्या कारखान्यात जाते. एक मुलगी आहे, तिचा फ्रॉक सगळ्या सिनेमाभर तोच. वरच्या खोलीत म्हातारा बाप खोकतो. आणि ती अख्खी गल्ली पाडायची ठरली आहे, सगळ्यांना गावाबाहेरच्या उंच इमारतीत हलवणार आहेत. म्हाताऱ्याचं एक अजस्र कपाट आहे, ते जिन्यातून खाली येत नाही. आणि कपाट येत नाही तर मीही येत नाही, असं म्हातारा म्हणतो. म्हणजे तसं म्हणत असावा. बोलताना त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

तो कर्ता माणूस रोज सकाळी उठायचा आणि बूट पुसायचा. जायचं कुठेच नव्हतं. तरी ब्रश मारायचा, फडकं मारायचा, बूट उजेडाकडे धरून बघायचा, पायात घालायचा आणि टेबलाशी बसून राहायचा.

इथे काका रडले. थोडेथोडके नाही. आधी डोळे भरले, मग चष्मा भरला, मग त्यांनी उशीच्या अभ्र्याची मदत घेतली. सिनेमा संपल्यावरही ते बराच वेळ चाकूवाल्या गृहस्थाकडे बघत रडत होते.

सकाळी दार वाजलं. तळमजल्यावरच्या बाई होत्या. कुरिअरवाल्याने काकांचं पाकीट चुकून त्यांच्या दारात टाकलं होतं. पाकीट द्यायला एक मिनिट पुरलं असतं. पण बाईंनी काकांचे डोळे पाहिले.

"अगं बाई! काका, काय हो हे? काय झालं?"

काकांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर होतं; पण काकांच्या ओठांवर आलेली गोष्ट बाहेर पडायला नेहमीच थोडा वेळ घ्यायची, आणि काकूंना तेवढा वेळ पुरे होता.

"काही नाही हो," काकू म्हणाल्या, "ह्यांच्या चुलतभावाकडे जरा अडचण आहे. नोकरी गेली त्यांची. रात्री कळलं."

बाई हळहळत खाली गेल्या. दार लागलं.

"मला कुठला चुलतभाऊ?" काकांनी विचारलं.

"मग काय सांगू? म्हातारा माणूस रात्री टीव्ही बघून ढसाढसा रडला म्हणून सांगू?"

"सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुमचं काही नाही बिघडत हो. तुम्ही पुस्तकात तोंड खुपसून बसाल. मला जिन्यातून ये-जा करायची असते."

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. इमारत तीन मजली, लिफ्ट नाही. जे काही घडायचं ते जिन्यात घडायचं. काका तिसऱ्या मजल्यावर राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती, पण जिन्यात कोणी समोरून आलं की ते भिंतीला असे चिकटत, की रंग ओला असता तर पाठीवर घेऊनच वर आले असते. लोक त्यांना 'वरचे काका' म्हणत. यापलीकडे त्यांच्याबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असं त्यांच्यात काही असेल, असं काकांना स्वतःलाही वाटत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ते वाचनालयातून परतत होते. दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी समोर आले. काका सवयीने भिंतीला लागले. पण सेक्रेटरी पुढे गेले नाहीत. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. सेक्रेटरी पूर्वी एका मोठ्या कारखान्यात अवजड यंत्रं हलवायच्या खात्यात होते. त्यामुळे हात वजनदार होता.

"कळलं मला," ते म्हणाले. "घरात कोण कोण आहे भावाच्या?"

खोटं बोलायचं म्हणजे आयत्या वेळी काहीतरी सुचावं लागतं. काकांना आयत्या वेळी कधीच काही सुचत नसे. म्हणून त्यांनी पाहिलं होतं ते सांगितलं. "बायको आहे. एक मुलगी. म्हातारे वडील."

"वडील म्हणजे तुमचे काका."

"अं? हो. म्हणजे, हो."

"तब्येत?"

"खोकतात."

"राहायला कुठे?"

"लांब. तिथे सारखा पाऊस असतो. आणि आता ते घरही पाडणार आहेत."

"नोकरी गेली आणि घरही?" सेक्रेटरींनी दुसरा हात दुसऱ्या खांद्यावर ठेवला. काका खचले. सेक्रेटरींना वाटलं, दुःखाने.

इथे काकांच्या बाजूने एक सांगायला हवं. त्या दिवसापासून त्यांनी कोणाला एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. विचारलं तेवढंच सांगितलं, आणि सांगितलं ते सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. चुलतभाऊ तेवढा खोटा. बाकी सगळं खरं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या काका हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत आणि तो दर वेळी थोडा चुकत असे.

संध्याकाळी समोरच्या दारातले होमिओपॅथीचे डॉक्टर आले. तळमजल्यावर जिन्यालगत त्यांचा दवाखाना होता आणि तिथे रोग्यांपेक्षा शांतता जास्त असे. त्यांच्या हातात कोरा कागद होता.

"म्हाताऱ्यांचा खोकला कोरडा की ओला?"

"आधी कोरडा. मग शेवटी शेवटी ओला."

"केव्हा वाढतो?"

"कोणी खिडकी उघडली की. आणि सूनबाई कामावर निघाल्या की."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "खोकताना काय धरतात?"

"पलंगाचा दांडा. डाव्या हाताने. उजवा हात गुडघ्यावर."

"खोकून झाल्यावर?"

"भिंतीकडे बघतात. कोणी पाणी दिलं तर घेत नाहीत. मग ते माणूस गेलं की पितात."

डॉक्टरांचे डोळे पाणावले. "काका," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ लक्षणं मला कोणी सांगितली नाहीत हो. लोक म्हणतात, खोकला आहे. बस. अहो, खोकला सगळ्यांनाच असतो!" आणि त्यांनी काकांच्या हातावर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली ठेवली. कशाबरोबरही घ्यायच्या, फक्त कॉफी चालणार नाही.

"ते चहाच पितात," काका म्हणाले. हेही खरंच होतं.

मग तळमजल्यावरच्या बाईंनी मुलीसाठी स्वेटर विणायला घेतला. मग दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ, ज्यांना सगळे 'पैलवान' म्हणत आणि ज्यांना पाहून काका नेहमी भिंतीच्या आणखी आत शिरायचा प्रयत्न करत, ते दार वाजवून म्हणाले, "काका, काही उचलायचं-बिचलायचं असलं तर हाक मारा." संध्याकाळी खाली बाकावर मंडळी बसत, तिथे काकांसाठी कोपऱ्यातली जागा राहू लागली. ते आले की बोलणं थांबे.

"काय म्हणतो भाऊ?"

आणि काका सांगत. बायको रात्री घरी येते तेव्हा तिची बोटं पाण्याने कशी सुरकुतलेली असतात, आणि ती टेबलाखाली कशी लपवते. नगरपालिकेचा माणूस घर बघायला येतो, तेव्हा आधी टोपी काढतो आणि नंतर भिंतीवर खूण करतो. जन्मात काकांचं बोलणं कोणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. कॉलेजात ते बोलत तेव्हा समोरचा फक्त 'पुस्तक आहे की नाही' एवढंच ऐकायला थांबलेला असे. आता माणसं मान हलवत होती. बाई तर दोन टाके चुकत.

काकांना हे आवडायला लागलं. ही खरी अडचण होती. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. आता सांगितलं तर? बाकावरची ती कोपऱ्यातली जागा जाईल. पुन्हा ती भिंत, पुन्हा तो रंग. काका रोज ठरवून खाली जात, की आज सांगायचं, आणि रोज कोणीतरी सरकून म्हणे, "या, बसा," आणि ते बसत.

"अगं, मी सांगून टाकतो," ते काकूंना म्हणाले.

"आता? बाईंचा गळा झालाय विणून. आता बाह्याच उरल्यात."

"पण हे बरं नाही."

"बरं तर नाहीच. पण तुम्ही रोज संध्याकाळी स्वतःहून बाहेर पडता, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. थोडे दिवस बघू द्या मला."

आणि मग काकांच्या तोंडून ते कपाट निघालं.

"जिन्यातून येत नाही म्हणजे काय?" सेक्रेटरी बाकावर ताठ बसले. "कोणी सांगितलं?"

"चार जणांनी प्रयत्न केला. वळणावर अडकतं."

"चार जणांनी! काका, मी चाळीस टनांचं प्रेस मशीन अरुंद दारातून आत घेतलंय, आणि दाराचा रंग नाही गेला. हे साधं विज्ञान आहे. वर गेलेली वस्तू खाली येणारच. माप द्या मला जिन्याचं."

काकांना माप कुठून माहीत असणार? त्यांनी आठवून आठवून चित्र काढलं. अरुंद जिना, डावीकडे वळण, कठडा, वळणावर छोटी खिडकी. सेक्रेटरींनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "हा तर आपलाच जिना!"

बघायला गेलं तर जगातले निम्मे जिने तसेच असतात. पण सेक्रेटरींना आता थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी विशेष सभा बोलावली. विषय: सभासदाच्या चुलतभावाच्या वडिलांचे कपाट. खजिनदार म्हणाले, जो सभासद नाही त्याच्या कपाटासाठी सोसायटीला काही करता येत नाही. त्यावर अर्धा तास वाद झाला. कोणी सुचवलं, चुलतभावाला सहयोगी सभासद करून घ्या. त्यासाठी अर्ज लागणार, अर्जावर पत्ता लागणार. काकांना विचारलं. काका म्हणाले, जुनं घर पाडणार आहेत आणि नवीन अजून ताब्यात आलेलं नाही. ज्या माणसाला पत्तासुद्धा नाही त्याच्याकडे आपण अर्ज मागतोय, या विचाराने खजिनदारांनी मान खाली घातली आणि ठराव एकमताने संमत झाला. रविवारी पहाटे सेक्रेटरी आणि दोघे पैलवान टेम्पो घेऊन भावाकडे जाणार. आदल्या दिवशी, शनिवारी, आपल्याच जिन्यात रंगीत तालीम.

तालमीला कपाट हवं होतं. ते डॉक्टरांनी दिलं. त्यात त्यागाचा भाग होता तसा थोडा सोयीचाही होता; ते कपाट त्यांना कधीपासून खाली दवाखान्यात न्यायचंच होतं.

शनिवारी काकांना ताप यावा अशी काकांची फार इच्छा होती. आला नाही. कपाट रिकामं करून जिन्याच्या तोंडाशी आणलं. त्याची पाठ जिन्याच्या वरच्या बाजूला, दारं खालच्या बाजूला. सेक्रेटरींनी जागा वाटून दिल्या. पैलवान खाली, डॉक्टर मध्ये, स्वतः सेक्रेटरी वळणावर, सूचना द्यायला. काकांना वर उभं केलं आणि दोराचं एक टोक हातात दिलं. "तुम्ही काही करू नका. फक्त धरा."

"सावकाश! डावीकडे घ्या! तुमच्या नाही, कपाटाच्या डाव्या!"

"कपाटाची डावी कुठली?"

"दारं जिकडे आहेत तिकडून बघितल्यावर जी येते ती!"

"तिकडून मीच बघतोय, माझी डावीच आहे ती!"

"माझं पॉलिश!" डॉक्टर ओरडले.

मग लाकडाचा एक लांबलचक, समाधानी आवाज झाला, आणि कपाट वळणावर बसलं. बसलं म्हणजे बसलंच. वर नाही, खाली नाही. एक खांदा भिंतीला, एक कठड्याला. पैलवानांनी जोर लावला तेव्हा इमारत हलल्यासारखी वाटली, कपाट नाही. सेक्रेटरींचा अंगठा मध्ये आला आणि ते एक शब्द बोलले, जो सभेच्या वृत्तांतात कधीच आला नसता.

वरच्या बाजूला आता एकटे काका उरले होते. बाकीचा सगळा जिना खाली. आवाज ऐकून बाई आल्या, काकूही खालीच होत्या. काकांना दिसत होती ती कपाटाची पाठ, आणि तिच्याखाली वीतभर फट.

"हरकत नाही," सेक्रेटरी अंगठा चोखून म्हणाले. "इथे अडकलं ते बरंच झालं. तिथे ही चूक होणार नाही. काका, पत्ता सांगा. टेम्पोचा ड्रायव्हर खाली थांबलाय, उद्या कुठे जायचं ते त्याला आत्ता कळवायला हवं."

काका पाठीकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं, की आपला चेहरा कोणाला दिसत नाहीये. आयुष्यात कठीण बोलणी करायच्या वेळी मध्ये असं एखादं कपाट मिळालं असतं, तर काका कुठल्या कुठे पोचले असते.

"पत्ता नाहीये," ते म्हणाले.

"मग भावाला फोन लावा."

"भाऊ नाहीये."



"अगं बाई," बाईंचा आवाज कापरा झाला. "कधी गेले? मी तर काल रात्री बाही पुरी केली हो!"

"गेला नाही. नव्हताच. तो सिनेमा होता."

"कसला सिनेमा?"

"जुना. इंग्रजी. रात्री टीव्हीवर लागला होता." एकदा सुरुवात झाल्यावर काकांना थांबता येईना. "तो माणूस, ती बायको, ती मुलगी, म्हातारा, कपाट, सगळं त्यातलं. मी रोज सांगणार होतो. तुम्ही सरकून बसायला जागा द्यायचात, म्हणून राहून गेलं."

"खोटं ते नाही बोलले," काकू पुढे झाल्या असाव्यात, आवाज जवळून आला. "मी बोलले. सिनेमा बघून रडले हे. डोळे सुजले होते. ते कसं सांगायचं चारचौघांत, म्हणून मी चुलतभाऊ काढला."

झालं. काकू इतके दिवस जे झाकत होत्या ते आता सगळ्या जिन्याला कळलं. काकांनी दोर आणखी घट्ट धरला. धरण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सगळ्यात आधी डॉक्टर बोलले. "म्हणजे तो खोकला?"

"सिनेमातला."

"पण पलंगाचा दांडा, डावा हात, पाणी न घेणं?"

"ते सगळं तसंच होतं."

"मग औषध बरोबर आहे," डॉक्टर ठामपणे म्हणाले.

"आणि ती मुलगी?" बाई म्हणाल्या. "तोच फ्रॉक?"

"शेवटपर्यंत."

"शोभतं का त्यांना? एवढा सिनेमा काढतात आणि पोरीला दुसरा फ्रॉक नाही."

सेक्रेटरी काय म्हणतील, याचीच काकांना भीती होती.

"कपाट निघतं का?" शेवटी सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही. माणसं प्रयत्न करतात. मग ट्रक निघायची वेळ होते. मुलगा समजावतो, मग तोही जातो. म्हातारा वर कपाटासमोर खुर्ची घेऊन बसतो."

"आणि?"

"आणि संपतं."

"एवढ्यावर? कोणी थांबत नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही तिथे रडलात."

"तिथे नाही," काका म्हणाले. "त्याच्या आधी. काम नसतं तरी तो रोज सकाळी बूट पुसतो ना, तिथे."

बोलता बोलता त्यांची नजर फटीकडे गेली. पलीकडे चपला होत्या, सपाता होत्या, पैलवानांचे अनवाणी पाय होते. आणि मधोमध एक बुटांची जोडी होती. शनिवारचा दिवस, घरातला जिना, कपाट उतरवायचं काम. पण बूट असे चकाकत होते, की त्यात खिडकी दिसत होती. काकांनी इतक्या वर्षांत सेक्रेटरींच्या पायांकडे कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीला चिकटलेला माणूस भिंतच बघतो.

त्यातला एक बूट हळूच दुसऱ्याच्या मागे गेला.

मग सेक्रेटरींनी घसा साफ केला.

"ते कपाट वर नेलं कसं होतं?"

काका विचारात पडले. म्हातारा कपाटाच्या दारावरून हात फिरवत एक वाक्य बोलला होता, आणि खोलीतली सगळी माणसं एकदम खाली बघायला लागली होती. वाक्य काकांना कळलं नव्हतं. आत्ता कळलं.

"नेलं नव्हतं," ते म्हणाले. "त्याने ते वरच बनवलं होतं. त्याच खोलीत. स्वतःच्या हाताने."

"मग हे आधी सांगायचं!" सेक्रेटरींचा जुना आवाज परत आला. "वर बनवलेली वस्तू जिन्याने कशी येईल? तिथल्या तिथे खोलायची, फळी फळी करून आणायची, आणि नव्या घरात पुन्हा उभी करायची! एवढं त्या चौघांना सुचलं नाही? काका, तुमच्या बाजूला पाठ आहे. पाठीला स्क्रू असतील."

"आहेत."

"मी फटीतून पेचकस सरकवतो. काढा."

"मी?"

"दुसरं कोण आहे तिकडे?"

"माझं कपाट आहे ते!" डॉक्टर म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

काकांनी जन्मात पेचकस धरला नव्हता. दोनदा तो हातातून निसटला, एकदा पायावर पडला. "उलटा फिरवा! घट्ट करताय तुम्ही!" हे सेक्रेटरींना पलीकडून, नुसत्या आवाजावरून कळत होतं. एकेक स्क्रू निघत गेला. काका तो शर्टाच्या खिशात टाकत. शेवटचा निघाला तशी पाठीची फळी सुटून काकांच्या अंगावर आली. त्यांनी ती कशीबशी बाजूला केली. त्याच वेळी खालून पैलवानांनी दारं उघडली.

आणि काका दिसले. रिकाम्या कपाटाच्या चौकटीत, कमरेपासून वर, केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर. खाली पायऱ्यापायऱ्यांवर माणसं उभी होती, ती सगळी त्या चौकटीकडे बघत होती. आता मध्ये काही नव्हतं. काकांनी सवयीने भिंत शोधली. ती दोन हात लांब होती.

"आता निघेल हे," पैलवानांतला थोरला म्हणाला. "तिरकं करून घेऊ का?"

"थांब रे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी रुमाल काढून पायरीवर पसरला आणि बसले. "काका, नीट सांगा सगळं. सुरुवातीपासून. आमच्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी आलंय."

"पण ते काहीच खरं नाही," काका पुटपुटले.

"तसं कसं?" डॉक्टर बसता बसता म्हणाले. "मी खोट्या माणसाला औषध देत नाही."

काकूही बसल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि हाताने नुसतीच खूण केली: सांगा.

काकांनी चष्मा नीट केला. चौकटीच्या खालच्या फळीवर हात टेकले. आवाज फुटला, तो त्यांना स्वतःलाच मोठा वाटला.

"एक गल्ली असते," काका म्हणाले. "दोन्ही बाजूंना घरं. घरांच्या मधून दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर कपडे वाळत घातलेले. आणि पाऊस पडत असतो."

"कपड्यांवर?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग उठा ना कोणीतरी!" बाई म्हणाल्या. "आत घ्या ते आधी!"